सगळ्यांचं ऐकून घेणारे मोहिउद्दीनभाई

वणीत कोणाचं भांडण झालं की लोक पोलीस ठाण्यात नाही, मोहिउद्दीनभाईच्या डेंटिंगच्या दुकानात जात. रीतच पडून गेलती. दोन भाऊ वावराच्या धुऱ्यावरून भांडले, चला भाईकडे. सून सासूशी बोलत नाही, चला भाईकडे. मागच्या वर्षी श्रावण अन् लखीराम या दोन टिप्परवाल्यांनी राजूर फाट्यावर एकमेकांच्या गाड्या ठोकल्या अन् चूक कोणाची यावरून कॉलर धरली, तेव्हाही लोकांनी त्या दोघांले उचलून तिथेच नेलं. भाईंनी दोघांले बाकड्यावर बसवलं. श्रावण अर्धा घंटा बोलला. भाई मान डोलावत राह्यले. लखीराम त्याच्याहून जास्त बोलला. भाई त्याच्याकडेही तसेच मायेनं पाहत राह्यले, एकदाही मंधात तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाले, "हाव ना, मीबी थेच म्हणतो." दोघांलेही वाटलं, भाई आपल्याच बाजूचे. चहा पिऊन, खांद्यावर हात टाकून गेले. गावभर झालं, मोहिउद्दीनभाईसारखा ऐकून घेणारा माणूस अख्ख्या तालुक्यात नाही.

आता खरं सांगू? भाईले ठार ऐकू येत नव्हतं.

हे गुपित घराबाहेर पहिले मले समजलं, अन् मी ते आठ महिने सांभाळलं. मले ओळखणारे लोक हसतील, कारण इंदुताईच्या तोंडात तीळ भिजत नाही असं सगळे म्हणतात. म्हणू द्या. सांगायसारखं नव्हतं म्हणून नाही सांगितलं.

डेंटिंगवाल्याचा अन् माया संबंध कुठून आला, तर विमानापासून. हो, विमानच. आमचे बबनराव कोळशाच्या खाणीत तीस वर्षं होते, आधी ड्रिल मशीनवर, मंग फोरमन. बाकीची माणसं रिटायर झाली की देवाले जातात, नाहीतर पतसंस्थेच्या निवडणुकीत उभी राहतात. ह्यांनी राजूर रस्त्यावरच्या आमच्या वावरात, जिथे मी कापूस भरून ठेवत होती त्या टिनाच्या शेडात, दोन माणसांचं विमान मांडलं. खोक्यांमधून सुटे भाग आले, नळीत गुंडाळलेले नकाशे आले. मी विचारलं, "कायले हे सोंग?" हे म्हणाले, "हं." ह्यांना काहीही विचारा, उत्तर 'हं'. नवरा ऐकत नाही हे कोणत्या बायकोले नवीन असते? मी त्याच्यावर बोलणं सोडून दिलं होतं. म्हणजे ह्यांच्याशी बोलणं सोडलं होतं, ह्यांच्याबद्दल बोलणं चालू होतं.

विमानाच्या पंखाच्या आत फासळ्या असतात, आपल्यासारख्याच. आमच्या पंखाले नऊ होत्या. त्या फासळ्यांवर समोरून एक लांब पत्रा गुंडाळायचा, त्याले मी पंखाचं नाक म्हणते, कारण हवा पहिले तिथेच आदळते. पत्रा पातळ, पण वाकवायले गेलं की उसळून अंगावर येणारा. अन् त्याले घडी पडली की पडली, ती जात नाही, पत्रा भंगारात. दुसरा मागवायचा तर चार महिने थांबा. ह्यांनी दोनदा जुन्या पत्र्यावर हात चालवून पाहिला अन् दोन्ही वेळा तो चिवड्याच्या पुड्यासारखा चुरगळला. तेव्हा हे मोहिउद्दीनभाईले घेऊन आले.

भाईंचं वय बासष्ट. बारा वर्षांचे असल्यापासून कोळशाच्या ट्रकांचे पोचे काढलेले. ट्रकचं दार पाहून ते सांगू शकत होते की हे बाभळीले ठोकलं का म्हशीले. पण इथे आल्या आल्या ह्यांनी त्यांचा हातोडा काढून घेतला. ह्या पत्र्याले हातोडा चालत नाही म्हणे. तो शेडाच्या बाहेर चपलेजवळ ठेवायचा. मंग कानावरची पेन्सिल काढून घेतली. पेन्सिलीच्या रेघेनं हा पत्रा आतून खराब होते, खुणा फक्त स्केचपेननं करायच्या. बिना हातोड्याचे, बिना पेन्सिलीचे भाई शाळेच्या पहिल्या दिवसासारखे उभे होते. मले हसू आवरेना.

पण खोकं उघडलं अन् तो पत्रा बाहेर आला तेव्हा मायं हसू बंद झालं. निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, आरशासारखा, कुठे ओरखडा नाही. भाई बाहेर जाऊन हौदावर साबणानं हात धुऊन आले. कोपरापर्यंत. मंग पत्र्यापाशी बसले अन् मले म्हणाले, "वहिनी, पन्नास वर्षं झाली. मायाकडे आलेला एकबी पत्रा धड नव्हता. सगळे ठोकून, फाटून, गंजून आले. कोरा पत्रा मले कोणी देल्लाच नाही."

त्या माणसाले हा एक पत्रा बसवायचा होता, बस. ह्यांनी पैशाची गोष्ट काढली तर त्यांनी ऐकलीच नाही. मले वाटलं, केवढा निर्लोभी माणूस. नंतर समजलं, खरंच ऐकली नव्हती.

ह्यांनी पहिल्याच दिवशी एक अट घातली होती. पत्रा बसला की प्रत्येक फासळीवर टिचकी मारून पाहायची. पत्रा फासळीले चिकटून बसला असला तर आवाज बद्द येते. मंधात केसाएवढी जरी फट राह्यली तरी झणझण करते, अन् तसा पत्रा हवेत फडफडून त्याले जोडणाऱ्या रिव्हेटा ढिल्या करते. "म्हणून नाकाच्या पत्र्यावर काम करणाऱ्याचा कान तल्लख पाहिजे," हे म्हणाले, छाती काढून. "बहिऱ्या माणसाले मी शेडात घेणार नाही."

भाई म्हणाले, "हाव ना, मीबी थेच म्हणतो."

मले कसं समजलं ते सांगते. पत्र्याची कोर घासून राह्यले होते, बारीक कीस उडत होता म्हणून मी तोंडाले पदर बांधून शेडात गेली. म्हटलं, "भाई, चहा ठेवते, साखर टाकू ना?" भाई म्हणाले, "हाव ना, मीबी थेच म्हणतो." मायी जीभ खाजवते, काय करता. मी म्हटलं, "साखर संपली भाई, मीठ टाकू का?" भाई म्हणाले, "हाव ना वहिनी, मीबी थेच म्हणतो." मी टाकलं. चमचा भरून. भाईंनी पहिला घोट घेतला, मायाकडे पाहिलं, अन् अख्खा गिलास संपवला. म्हणाले, "मस्त झाला."

मी गिलास उचलायले वाकली तेव्हा त्यांनी हळूच म्हटलं, "समजलं ना तुम्हाले?" मी पदर खाली केला अन् मान हलवली. "साहेबाले सांगू नका," ते म्हणाले. "हा पत्रा होऊ द्या फक्त." डोळ्यांत पाणी होतं, ते मिठाचं का दुसऱ्या कशाचं, मले सांगता येणार नाही. पण मले मायी लाज वाटली, अन् मी शब्द देल्ला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेली, जैबुनबीले भेटायले. जैबुनबी म्हणजे भाईंची बायको, त्या शेवया करून राह्यल्या होत्या. त्यांनी मले आत नेऊन दार लोटलं. "दस साल हुए वहिनी," त्या म्हणाल्या. "हातोड्यानं कान खाल्ले. पर कान गेले तवापासून आमच्या घरात एकबी झगडा नाही. तुम्ही कोण्या डॉक्टरचा पत्ता सांगू नका हं त्याईले."

तर असं ह्यांचं, भाईंचं अन् मायं काम सुरू झालं; भाई दुकान सांभाळून येत, म्हणून ते आठ महिने चाललं. भाईंनी पत्र्यावर मायी जुनी गोधडी टाकली, तिच्यावर लाकडाची पट्टी, अन् ट्रकवाले माल आवळतात त्या दात्यांच्या बेल्टनं तो पत्रा फासळ्यांवर एक एक दाता आवळत आणला. घाई नाही. एक दाता, मंग तळहातानं चाचपून पाहायचं, मंग दुसरा. कोऱ्या पत्र्याले त्यांनी असं वळवलं, जसं लेकराले झबलं घालून राह्यले. भोकं जुळली की प्रत्येक भोकात स्प्रिंगचा एक तांबडा चिमटा खोचायचा, तो रिव्हेट मारेपर्यंत पत्रा धरून ठेवते. शंभर चिमटे लागले तेव्हा पंख सायाळीसारखा दिसत होता.

अन् ह्यांचं अन् भाईंचं जमत काय होतं. हे काहीतरी सांगत, भाई मान डोलावत. भाई काहीतरी सांगत, हे 'हं' म्हणत. दिवसभर दोघं बोलत अन् एकदाही वाद नाही. मले तर हेवा वाटे. बायकोले 'हं' अन् मिस्त्रीलेही 'हं', पण मिस्त्रीसोबत ते 'हं' किती गोड.

टिचकीचा दिवस रविवारचा ठरला. भाई शनिवारीच मायाकडे आले, चेहरा उतरलेला. मी म्हटलं, घाबरू नका. मी झाडू घेऊन ह्यांच्या मागे उभी राहीन. आवाज बद्द आला तर झाडत राहीन. झणझण आली तर पदर डोक्यावर घेईन. लबाडी होती, कबूल करते. पण ती करताना मले लय मजा आली, तेही कबूल करते.

रविवारी सकाळी हे पंखापाशी वाकले, कान पत्र्याले लावला अन् मोठ्या ऐटीत टिचकी मारली. पहिली फासळी, बद्द. मी झाडत राह्यली. भाई म्हणाले, "बसला साहेब." दुसरी, तिसरी, चौथी, बद्द. पाचवीवर टिचकी पडली अन् पत्रा असा झणझणला की छतावरची चिमणी उडाली. मी पदर डोक्यावर घेतला.

अन् हे सरळ उभे राहून म्हणाले, "वा. काय बद्द बोलली. एकदम पक्की."

मी झाडू धरून तशीच राह्यली. भाईंनी मायाकडे पाहिलं, पदर डोक्यावर. ह्यांच्याकडे पाहिलं, चेहरा खूश. त्या एका क्षणात भाईले फक्त मान डोलावायची होती. काम पास, पत्रा त्यांचा, नाव राह्यलं. दहा वर्षांत त्यांनी मान डोलावण्याशिवाय दुसरं केलं तरी काय होतं? पण ते म्हणाले, "नाही साहेब. वाजलं थे."

"कुठे वाजलं?" हे म्हणाले. "मी कान लावून ऐकलं."

"मीबी ऐकलं. झणझणलं."

"बद्द होतं."

"झणझणलं साहेब. पत्रा खोलावा लागते."

दोघंही तावातावानं भांडत होते. मी वणीत लय भांडणं पाहिली, पण असं नाही पाहिलं. हे लाल झाले अन् म्हणाले, "मंग सांगा, मोजून सांगा, कितव्या फासळीवर?" भाईले काय माहीत कितवी. चिमट्यांच्या गर्दीत ह्यांचा हात कुठल्या फासळीवर होता, ते पदराकडे पाहायच्या नादात त्यांनी मोजलंच नव्हतं. त्यांनी मायाकडे पाहिलं. मी पंजा दाखवला, पाच. त्यांची नजर कुठे गेली ते पाहून हे गर्रकन फिरले, अन् मी तिथे, पदर डोक्यावर, हात वर करून, सत्संगातल्या माताजीसारखी उभी.

ह्यांना समजायले वेळ लागला नाही. "म्हणजे मिस्त्री, तुम्हाले ऐकू येत नाही?"

भाईंनी ते ओठांवरून वाचलं. खोटं बोलले नाहीत. "दहा वर्षं झाली साहेब," म्हणाले.

"मी पहिल्या दिवशी काय म्हटलं होतं?" हे म्हणाले. "मायाच शेडात, माया तोंडावर लबाडी. नका करू तुम्ही हा पत्रा. मी दुसरा माणूस पाहतो."

भाईंनी खिशातला स्केचपेन काढून पट्टीवर ठेवला. हातमोजे काढले, एकमेकांत घडी करून ठेवले. मंग पत्र्याले हात लावायले गेले, अन् हात मागे घेतला, कारण तो आता त्यांचा नव्हता. मायाच्यानं ते पाहवलं नाही. मी ह्यांच्या पाठीमागे उभी होती, दोन हातांवर. अन् मायं डोकं फिरलं होतं, कारण झणझण मी ऐकली होती, चिमणीनं ऐकली होती, अन् हा माणूस कान लावून 'बद्द' म्हणत होता. मी साध्या आवाजात म्हटलं, "शेडले आग लागली."

हे वळले नाहीत. मी परत म्हटलं, थोडं मोठ्यानं, "अहो, शेडले आग लागली." हे भाईले ओरडत राह्यले. भाईंचं मात्र मायाकडे लक्ष होतं. आठ महिने माये ओठ पाहून ते शिकले होते. त्यांनी घाबरून छताकडे पाहिलं. त्यांना पाहून ह्यांनी छताकडे पाहिलं. म्हणाले, "काय पाहता?"

भाईंची नजर छतावरून ह्यांच्याकडे आली, ह्यांच्याकडून मायाकडे. मंग हळूच म्हणाले, "साहेब, तुमचेबी गेले का?"

हे स्टुलावर बसले. म्हणाले, "ड्रिलवर गेले. सात-आठ वर्षं होतील. समोर तोंड असलं तर समजते. कोणाले सांगितलं असतं तर डॉक्टर आला असता, अन् डॉक्टर म्हणाला असता, उडू नका."

आता मले सांगा, मी काय करू? हसू का रडू? मले दोन्ही आलं. आठ वर्षं मी ह्या माणसावर राग धरून होती. मायी आई फुलसावंगीले वारली, तेव्हा परत येताना मी गाडीत मागच्या सीटवर बसली होती अन् वणी येईपर्यंत बोलत होती. आई कशी गेली, शेवटी काय म्हणाली, मले आता कोणी नाही. ह्यांनी गाडी चालवली, एक शब्द उलट देल्ला नाही. त्या दिवशी मी ठरवलं होतं, ह्या माणसाले दगडाचं काळीज हाय. अन् ह्यांना मायी आई शेवटी काय म्हणाली ते आजपर्यंत माहीतच नव्हतं.

मी डोळे पुसले अन् दोघांच्या समोर जाऊन उभी राह्यली. बोटं दाखवून, तोंड मोठं उघडून सांगितलं. पाचवी फासळी वाजते. मिस्त्री कुठे जाणार नाही. कान मी हाय. काहून वाजते ते तुम्ही दोघं पाहा.

काहून वाजत होती ते दहा मिनिटांत निघालं. पत्रा मंधातून दोन्हीकडे बसवत जावा लागते, म्हणजे ढील टोकांकडून निघून जाते. हे त्या दिवशी भाईले म्हणाले होते, "टोकापासून नको, मंधातून." भाईंनी मान डोलावली अन् दोन्ही टोकांपासून सुरुवात केली. मंग भाई ह्यांना म्हणाले होते, "टोकापासून घेतो साहेब." हे म्हणाले, "हं." सगळी ढील सरकत सरकत पाचव्या फासळीवर येऊन बसली होती. दोघं एकमेकांकडे पाहून एवढे हसले की मले पाणी आणावं लागलं.

बेल्ट ढिले केले, शंभर चिमटे काढले, परत लावले. या वेळी पाचव्या फासळीपासून, एक डाव्या अंगाले, एक उजव्या. भाई एक दाता आवळत अन् मायाकडे पाहत. मी टिचकी मारी अन् बोटानं दाखवी, अजून थोडा. परत टिचकी. हे चिमटे देत, निमूट, नव्या कामगारासारखे. दुपारी चार वाजता मी पहिल्यापासून नवव्या फासळीपर्यंत गेली. नऊही बद्द. मी मान हलवली. भाईंनी पत्र्यावरून दोन्ही हात फिरवले अन् रडले, लपवलं नाही. मंग हातमोजे घातले अन् ह्यांनी पहिली रिव्हेट त्यांच्या हातात देल्ली.

हे विमान उडेल का, ह्यांना कोणी उडू देईल का, ते कागद अन् डॉक्टर पाहून घेतील. मी त्यावर काही बोलणार नाही. त्या दिवशी भाई रिव्हेटा मारत होते, मी झाडू शोधत होती, तेव्हा हे माया समोर येऊन उभे राह्यले. माया ओठांकडे पाहत म्हणाले, "काय म्हणाली?"

मी काहीच म्हटलं नव्हतं. पण आठ वर्षांत ह्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं. मी स्टूल ओढलं, उजेडाकडे तोंड करून ह्यांच्या समोर बसली, अन् आईपासून सांगायले सुरुवात केली.